आजोबांची दुनळी: आधी वाचा, मग पुसा, घासू तर नकाच

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बार्शीकडच्या जुन्या वाड्यात, माळवदाच्या खोलीत आजोबांची दुनळी बंदूक सापडली. बाहेरच्या अंगाला दोन घोडे (काडतुसावर ठोका देणारे हॅमर) आहेत, नळ्यांवर नागमोडी नक्षी दिसते, मधल्या पट्टीवरची इंग्रजी अक्षरं पुसट झालीत आणि शेवटचा ‘कलकत्ता’ तेवढा वाचता येतो. ती कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची आणि किती किमतीची, हे तुम्हाला हवंय. शिवाय सोलापुरात कोणाकडून तरी बफिंग मारून घ्यायची, दिवाणखान्यात टांगायची आणि खंडेनवमीला पूजा झाली की एक बार काढायचा, असा घरच्यांचा बेत आहे.

मी सोलापुरात याच धंद्यात आहे. बंदूकदुरुस्तीचा परवाना वडिलांच्या वेळेपासून घरात आहे आणि अशा दुनळ्या पुष्कळ हाताखालून गेल्या आहेत. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुम्ही जे विचारलंच नाही ते सगळ्यात आधी विचारायला हवं: ही बंदूक आज कोणाच्या परवान्यावर आहे?

‘जुनी आहे म्हणजे अँटिक, आणि अँटिकला परवाना लागत नाही’ हे दुकानात येणारं प्रत्येक दुसरं माणूस मला ऐकवतं. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुन्या बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे खरी. पण तिथेच पुढे अट आहे की दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही ते बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसावं. तुमची दुनळी उघडते, मिटते, घोडे चढतात असं तुम्हीच लिहिलंय. अशी दुनळी बहुधा बारा बोअरची असते, आणि बारा बोअरची काडतुसंही आज सर्रास मिळतात. म्हणजे ही सूट आपल्यासाठी नाही असं धरूनच चाला.

तेव्हा आधी आजोबांची ट्रंक उघडा आणि परवान्याचं पुस्तक शोधा. त्यात शस्त्राच्या रकान्यात बहुधा ‘डी.बी.बी.एल. 12 बोअर’ (डबल बॅरल ब्रीच लोडिंग, म्हणजे मागून भरायची दुनळी) असं लिहिलेलं असेल, शेजारी क्रमांक आणि कधी कधी बनावटीचं नावही. हे पुस्तक सापडलं तर निम्मी ओळख तिथेच पटते. परवानाधारक वारल्यावर वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा, अशी सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. बाकीच्या वारसांची ना-हरकत आधीच गोळा करून ठेवा, भाऊबंदकीत नेमकी तिथेच गाडी अडते. बार्शी ग्रामीण हद्दीत येते, म्हणून अर्ज जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे. तुम्ही सोलापूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात विचारा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही ध्यानात असू द्या. घरात कोणाकडे आधीच दोन असतील तर ही तिसरी त्याच्या नावावर होणार नाही.

पुस्तक सापडलंच नाही, किंवा परवाना केव्हाचा संपलाय, तर लपवाछपवी करू नका आणि बंदूक गाडीच्या डिकीत टाकून माझ्याकडेही आणू नका. परवान्याशिवाय ती रस्त्याने नेणं हाच गुन्हा होतो, आणि कागद पाहिल्याशिवाय मी ती हातात घेऊ शकत नाही. एखाद्या वकिलाशी बोला, ठाण्यात लेखी कळवा आणि ती रीतसर जमा करा. कलम 21 प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. शक्य असेल तर विक्रेत्याकडे करा. मालखान्यात कोपऱ्यात उभी राहिलेली बंदूक दोन पावसाळ्यांत काय होते ते मी पाहिलंय. पोच घेताना नळ्यांवरचा क्रमांक, बोअर आणि लाकडावरच्या मोठ्या खुणा तिच्यात लिहून घ्या.

तोपर्यंत एवढं पाळा. ती भरलेली आहे असंच समजून वागा. तोंड मोकळ्या मातीकडे ठेवून बंदूक उघडायचा खटका (चाप नव्हे) हलक्या हाताने दाबून पाहा. सहज उघडली तर आत काडतूस आहे का ते दिसेलच. अडली तर सोडून द्या. तोंडातून गज घालून ठोकणं, घोड्यावर हातोडी मारणं, रॉकेलच्या बादलीत बुडवून ठेवणं, यातलं काही करू नका. जुनं कागदी काडतूस ओलीने फुगून नळीत घट्ट बसलेलं असतं, पण त्याची टोपी, म्हणजे ठोक्याने पेटणारा मागचा भाग, जिवंत असू शकते.

आता ओळखीकडे. पट्टीवरचं नाव हे पुष्कळदा बनवणाऱ्याचं नसून विकणाऱ्याचं असतं, इथेच बहुतेक जण फसतात. कलकत्त्यात मँटन, रॉडा, लायन अँड लायन अशी मोठी दुकानं होती. बराचसा माल बर्मिंगहॅमहून येई आणि पट्टीवर दुकानाचं नाव कोरलेलं असे. (रॉडा म्हणजे तीच कंपनी, जिच्या मालातून 26 ऑगस्ट 1914 ला बंगालच्या क्रांतिकारकांनी 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 काडतुसं पळवली.) नाव इंग्रजी आणि बंदूक बेल्जियमची, असंही भरपूर असतं. तिथल्या लिएज शहरातले कारखानदार स्वस्त दुनळ्या काढायचे आणि त्यांच्यावर इंग्रजी कानाला ओळखीचं वाटेल असं काही तरी कोरायचे. वेस्टली रिचर्ड्स हे बर्मिंगहॅमचं नामांकित घराणं. पण पट्टीवर नुसतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ दिसलं की मी आधी बेल्जियमच्या खुणा शोधतो.

खरा जन्मदाखला नळ्यांच्या पोटाखाली असतो. पुढचा लाकडी तुकडा, ज्याला आम्ही फोरएंड म्हणतो, तो काढला आणि नळ्या उतरवल्या की काडतूस बसतं त्या भागाखाली दोन चपट्या जागा दिसतात. तिथे पारखणी केंद्राचे, म्हणजे नळी दाब सोसते का हे बार काढून तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात. हे काम कागद झाल्यावर, परवानाधारकाच्या हातूनच करा. ठसे वाचायला काही घासायचं नाही. मऊ फडक्याने धूळ झटका, बोटाने चिमूटभर टाल्कम पावडर फिरवा, बाकीची पुसून घ्या आणि अंधाऱ्या खोलीत बॅटरी अगदी आडवी धरा. डोळ्यांना सपाट वाटणारी जागाही अशा तिरप्या उजेडात बोलायला लागते.

लंबगोलात ई-एल-जी अक्षरं दिसली तर बंदूक लिएजची. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर 1893 नंतरची, कारण तो मुकुट त्या साली आला. एकमेकांवर फुली मारलेले दोन राजदंड, त्यांच्यावर मुकुट आणि कोनांत बी-पी-सी अशी अक्षरं असतील तर बर्मिंगहॅम, 1813 ते 1904 दरम्यान. राजदंड नसून मुकुटाखाली नुसती बी-व्ही, बी-पी, एन-पी अशी जोड-अक्षरं असतील तर 1904 नंतर. ‘नॉट फॉर बॉल’ असं लिहिलेलं आढळलं तर 1875 ते 1887 ही खिडकी मिळते, कारण त्या काळात तोंडाशी आवळलेल्या नळीवर तसं ठोकत. त्यानंतर ‘चोक’ लिहू लागले. एन-पी किंवा नायट्रोचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूचा, उल्लेख कुठेच नसेल तर ही नळी फक्त जुन्या काळ्या दारूसाठी पारखलेली आहे. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

नळीवर 13 आकडा पाहून ‘ही तेरा बोअरची आहे, हिला काडतूसच मिळणार नाही’ असं सांगणारेही भेटतील. तसं नाही. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येईल तो, 0.729 इंच, साधारण साडेअठरा मिलिमीटर. पारखणी करणारे नळीच्या मागच्या टोकापासून नऊ इंच पुढे नळी आतून मोजत आणि तिथलं माप ठोकत. तिथे 0.710 भरलं की 13. काडतुसाचं घर मात्र बाराचंच. उलट, ठोकलेल्या मापापेक्षा नळी आज आतून मोठी भरली, तर मधल्या काळात कोणी तरी गंजाचे खळगे काढायला ती आतून घासली आहे आणि जाडी गेली आहे. हे मी गेजने मोजतो, डोळ्यांनी कळत नाही.

यांत्रिक रचनेवरून काळाचा अंदाज आणखी बांधता येतो. बंदूक उघडायचा खटका चापाच्या कडीखाली आहे की वर अंगठ्याशी? कडीखालचा, बाजूला फिरणारा लांब खटका हेन्री जोन्सच्या 1859 च्या रचनेचा असतो. ती रचना स्वस्त आणि दणकट, म्हणून पुढे कित्येक वर्षं टिकली. त्यामुळे एकट्या खटक्यावरून साल ठरवू नका. घोडा अंगठ्याने धरून अगदी सावकाश खाली सोडा. तो टाचणीवर (काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या पिनेवर) टेकून राहतो, की शेवटी थोडा मागे सरकून थांबतो? आपोआप मागे येणारा घोडा 1867 च्या स्टँटनच्या पेटंटनंतर रुळला. घोडा टेकूनच राहत असेल तर बंदूक त्याआधीची किंवा अगदी साध्या बनावटीची. 1875 मध्ये अँसन-डीलीची बिनघोड्याची रचना आली तरी घोडेवाल्या दुनळ्या बंद पडल्या नाहीत. आपल्याकडे तर शेतकऱ्यांना आणि जमीनदारांना त्याच आवडत. घोडा चढलाय की नाही हे लांबून दिसतं, हे त्यामागचं साधं कारण.

तुमच्या नळ्यांवरची नागमोडी नक्षी म्हणजे बहुधा दमास्कस. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, एका गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकत त्यांची नळी करत, आणि त्या पिळाचीच ही नक्षी. पण नक्कलही होत असे, साध्या नळीवर वरवर नक्षी उठवलेली. फोरएंडखाली, जिथे गिऱ्हाइकाचं लक्ष जात नाही तिथे, नक्षी तशीच पुढे चालू आहे का ते बघा. खऱ्या नळीत ती सगळीकडे असते, नकली बहुतेक वेळा झाकल्या जागी संपते.

आता दुरुस्ती. तुमच्या बेतातलं बफिंग मला सगळ्यात जास्त डाचतं. सोलापुरात गिरण्यांच्या आणि पॉवरलूमच्या काळापासून हाताने काम करणारे कारागीर भरपूर. कमान (स्प्रिंग), गिअर, पिन, काय म्हणाल ते करून देतात. तांब्या-पितळेची भांडी चकाकवणारे बफवालेही आहेत. यातला कोणीही तासाभरात तुमची दुनळी आरशासारखी करून देईल. बरोबर ठसे जातील, पट्टीवरचं कोरीव नाव जाईल, लॉकच्या (घोडा आणि त्याची कमान बसवलेल्या यंत्राच्या) पट्ट्यांवरची वेलबुट्टी बोथट होईल, स्क्रूच्या चिरा गोल होतील आणि लाकूड व लोखंड जिथे एका पातळीत मिळतं तिथे पायरी पडेल. निकेल चढवलं तर ते आणखी वर. अशा चकाकवलेल्या दुनळ्या विकायला येतात तेव्हा त्या नक्की कुठल्या हे मलाही सांगता येत नाही.

तितकंच वाईट म्हणजे नवीन बंदुकीला करतात तसं गरम ब्लुइंग, म्हणजे उकळत्या क्षारांत बुडवून काळा रंग चढवणं. दोन्ही नळ्या आणि मधल्या पट्ट्या एकमेकींना कथिलाने झाळलेल्या असतात. कॉस्टिकच्या उकळत्या मिठात बुडवलं की ते क्षार झाळकाम खातात आणि पट्टीखाली अडकून राहतात. सहा महिन्यांनी पट्टी सुटते आणि आतून गंज बाहेर येतो. दमास्कसवर तर काळा रंग चढून नक्षीच बुजते. मूळचा तपकिरी रंग हळूहळू गंज आणून, पाण्यात उकळून, ब्रशने झाडून पुन्हा पुन्हा चढवलेला असतो. नक्षी उठवायला मोरचुदाच्या पाण्याचा हात देतात हे खरं आहे, आणि द्राक्षबागेमुळे मोरचूद तुमच्या घरी असेलही, पण म्हणून स्वतः प्रयोग करू नका.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. पहिले आठ-दहा दिवस फक्त झिरपणारं तेल. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याशी एक थेंब, रोज. तेवढ्यात स्क्रूच्या चिरेत नेमके बसतील असे पेचकस घासून तयार करतो, कारण त्या काळच्या चिरा अगदी अरुंद असतात आणि बाजारातला पेचकस त्या फाडतो. लॉक बाहेर आलं की आत बहुतेक वेळा मेणासारखा घट्ट पिवळा थर असतो. घरोघरी बंदुकीला गोडेतेल किंवा करडईचं तेल लावायची पद्धत होती. करडईचं तेल हवेत सुकतं आणि त्याचा डिंक होतो. ‘कमान मेली’ म्हणून आलेल्या निम्म्या बंदुकांत कमान ठणठणीत असते, फक्त डिंकात अडकलेली. स्पिरिटने धुतलं, यंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब दिला की घोडा टणकन चढतो. मोठी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची कमान काढायला वेगळा शिकंजा लागतो. पक्कडीने काढायला गेलात तर ती तुटते, आणि तशी घडवून पाणी देणारा माणूस आता शोधावा लागतो. म्हणून घरी लॉक उघडू नका, आणि रिकाम्या बंदुकीचे घोडे चढवून ‘टक-टक’ करत बसू नका.

नळ्यांवरचा लाल गंज तेलात भिजवून पितळेच्या पट्टीने हळू खरवडतो, मग अगदी बारीक स्टील वूल तेलातच. खालचा तपकिरी थर लागला की थांबतो. तो थर घाण नव्हे, ते तिचं वय आहे आणि तेच राखायचं. मग नळ्या दोऱ्याला टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारतो. घंटेसारखा लांब नाद आला तर पट्ट्या घट्ट. भद्द आवाज आला तर कुठे तरी झाळ सुटली आहे. नळ्या बसवून, फोरएंड न लावता, मागच्या पोलादी तोंडावर दिव्याची काजळी धरतो आणि मिटवून उघडतो. काजळी दोन्हीकडे सारखी उमटली नाही, म्हणजे सांधा ढिला झालाय.

लाकूड बहुधा अक्रोडाचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, चाळीसच्या वर पारा आणि हवा कोरडी, दस्ता (मागचा लाकडी भाग) आकसतो आणि लॉकच्या मागे केसासारखी चीर जाते. त्यात वर्षानुवर्षं उभ्या ठेवलेल्या बंदुकीचं तेल नळ्यांतून उतरून दस्त्याच्या गळ्यात मुरतं, तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडतं. ते तेल खडूची पूड थिनरमध्ये कालवून लेप लावून ओढून काढावं लागतं, एकदा नव्हे, लेप पांढरा राहीपर्यंत. पॉलिशपेपर लावायचा नाही. पोचे असतील तर ओलं फडकं आणि गरम इस्त्रीचं टोक, वाफेने दबलेला तंतू वर येतो. वरून जवसाचं तेल तळहाताने, इतकं पातळ की लावलंय असं वाटू नये. एक हात सुकला की दुसरा. व्हार्निश नको. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

किती करायचं हे बंदुकीवर अवलंबून आहे. चांगल्या घराण्याची, मूळ रंग शाबूत असलेली असेल तर मी पुसण्यापलीकडे काही करू देत नाही. साधी बेल्जियन, आधीच कोणी तरी घासलेली असेल तर लाकूड नीट करून, गंज थांबवून छान दिसेल इतपत करायला हरकत नाही. फोटो न बघता यातलं काय, हे सांगता येणार नाही.

बार काढायचं मात्र फोटो न बघता सांगतो: काढू नका. दमास्कसच्या नळीत पट्ट्यांच्या सांध्यात आतून गंज शिरलेला असतो आणि तो कोणत्याही डोळ्याला दिसत नाही. त्या काळच्या बहुतेक बंदुकांचं काडतुसाचं घर अडीच इंची, आजचं काडतूस बहुतांशी पावणेतीन इंची. ते आत जातं, बंदूक मिटतेही, पण सुटताना पुढच्या टोकाची घडी उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. त्यात नळी काळ्या दारूची. फुटते तेव्हा ती डाव्या हाताच्या बोटांपाशी फुटते. शिवाय सणासमारंभात हर्षाने बार काढणं 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खंडेनवमीला परवान्यावरची बंदूक पाटावर ठेवून हळदकुंकू वाहा. फक्त हळदकुंकू लोखंडावर राहू देऊ नका, संध्याकाळी पुसून तेलाचा हात द्या.

किंमत. परदेशी लिलावांचे आकडे पाहून हरखून जाऊ नका. शंभर वर्षांपुढची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते, ती खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. देशात घेणारा परवानाधारकच हवा आणि त्याच्या दोनच्या मर्यादेत जागा हवी. असा माणूस पैसे मोजतो ते चालणाऱ्या, पोलादी नळीच्या बिनघोड्याच्या बंदुकीला. घोडेवाली दमास्कस दुनळी घेणारे मोजके हौशी असतात, आणि ते पहिल्यांदा ठसे बघतात. कशी बंदूक राखली म्हणजे शोभते हे बघायचं असेल तर एकदा अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाल तेव्हा राजवाड्यातलं शस्त्रागार बघून या.

कागद झाले की मला चार फोटो पाठवा: पूर्ण बंदूक एका बाजूने, लॉकची पट्टी जवळून, वरची पट्टी तिरप्या उजेडात, आणि नळ्यांच्या पोटाखालचे ठसे. ठशांच्या फोटोत क्रमांक येत असेल तर त्यावर कागदाची चिठ्ठी ठेवा. चारचौघांत बंदुकीचा क्रमांक टाकायचा नसतो, आणि ओळख पटवायला मला तो लागतही नाही.